आकारामची बंद गाडी

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. लांब नाकाचा, गोल डोळ्यांचा. माझ्या वयाचे सोबती आता रस्त्यावर फारसे दिसत नाहीत. कुरुंदवाडच्या बाहेर, नदीकडे उतरत जाणाऱ्या मळ्यात एक पत्र्याची शेड होती. त्या शेडमध्ये मी बारा वर्षं बंद होतो. शेडवरून जाताना बायका पोरांना ओढून पलीकडच्या अंगाला घ्यायच्या आणि दबक्या आवाजात म्हणायच्या, "तिकडं बघू नगंस. भुताची गाडी हाय ती."

मी आतून ऐकत असे. मला राग येत नसे, कारण त्यांचं सगळंच काही खोटं नव्हतं. माझ्यात काहीतरी राहत होतं. फक्त ते लोकांना वाटायचं तसलं नव्हतं.

माझं इंजिन आणि सांगाडा कुठल्या तरी दूरच्या कारखान्यातला. पण मला अंग मिळालं ते कोल्हापुरात. सुतारांनी सागाच्या फळ्या तासून माझा माल भरायचा हौदा बांधला, लोहारांनी त्याला पट्ट्या मारल्या, आणि एका पेंटरने मागच्या फाळक्यावर समोरासमोर दोन मोर काढले. त्यातला एक जरा जाडा झाला होता. पेंटर म्हणाला, "ऱ्हाऊ दे, एक कोल्हापूरचा हाय आन् एक बाहेरचा." तेव्हा सगळे हसले होते. माझ्या आयुष्यातली मला आठवणारी पहिली गोष्ट म्हणजे ते हसणं.

पहिली काही वर्षं मी एका गुळाच्या व्यापाऱ्याकडे होतो. माझ्यावर ड्रायव्हर होता आकाराम. त्याला लेक झाली, त्याच वर्षी त्या व्यापाऱ्याने मला विकायला काढलं आणि आकारामने मला घेतलं. लेकीचं नाव अनुजा. तिला तो माझ्या बॉनेटवर बसवायचा, आणि त्याची बायको बायडाबाई दारातून ओरडायची, "भाजंल की वो तिला! खाली घ्या!"

आकारामसारखा बोलका माणूस मी पुन्हा पाहिला नाही. तो माझ्याशी बोलायचा, बैलांशी बोलायचा, रस्त्याशी बोलायचा. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, घेऊन आम्ही कोल्हापूरच्या बाजारात जायचो. कबनूरहून कापडाच्या गाठी आणायचो. भाताच्या दिवसांत चंदगडला जायचो, तिथे धुक्यात पुढचं झाडही दिसत नसे, तेव्हा तो काच खाली करून धुक्यालाच म्हणायचा, "सरक की जरा बाजूला, लेका." वाटेत कुणी चालताना दिसलं की गाडी हळू व्हायची. "पावणं, कुठवर? चढा की." माझ्या केबिनमध्ये कधी शांतता म्हणून नव्हती. दसऱ्याला तो मला नदीवर नेऊन धुवायचा, झेंडूच्या माळा घालायचा, आणि बायडाबाई माझ्या चाकांना कुंकू लावायची. मी सुखात होतो. सुखात असताना ते कळत नाही, एवढंच.

मग त्र्याण्णव साल आलं. गणपती बोळवून लोक झोपले होते आणि पहाटे लातूरकडची जमीन हलली. आमच्याकडे भांडी वाजली, तेवढंच. पण दुपारपर्यंत रेडिओवर यायला लागलं की तिकडे गावंच्या गावं गेली. कुरुंदवाडच्या लोकांनी घराघरातून भाकरी गोळा केल्या. घोंगडी, चादरी, कंदील, मिळेल ते आणून माझ्या हौद्यात टाकलं. आकारामला कुणी सांगावं लागलं नाही. त्याने डोक्याला टॉवेल बांधला आणि म्हणाला, "चल गं बाई, आपली गरज हाय."

तो मला कायम 'बाई' म्हणायचा. गाडी म्हणून.

आम्ही किल्लारीच्या अलीकडच्या एका लहान गावात पोहोचलो. मित्रांनो, तिथे गाव नव्हतं. दगडमातीचे ढीग होते, आणि त्यांच्यावर पाऊस पडत होता. भाकरी उतरवून झाल्यावर एक फौजी जवान आला आणि हौद्याकडे बघून हात जोडून म्हणाला, "काका, गाडी मोकळी झाली का?" आकाराम हो म्हणाला. नंतर ती गाडी बरेच दिवस मोकळी झाली नाही.

ढिगाऱ्यातून काढलेली माणसं त्या गावाच्या बाहेर, ओढ्याकाठी न्यायची होती. एवढी लाकडं, एवढी माणसं, आणि वाहनं थोडी. आकारामने ती कामं केली. उचलताना तो इतरांना म्हणायचा, "हळू. हळू घ्या." जणू त्यांना लागेल. मी ते वजन वाहिलं. गुळाचं वजन मला ठाऊक होतं, भाताचं ठाऊक होतं. हे वजन तसं मोठं नव्हतंच. लहान मुलांचं तर माझ्या स्प्रिंगच्या पाट्यांना जाणवतही नव्हतं, आणि तेच सर्वांत वाईट होतं.

शेवटी एकदा आम्ही परत निघालो. हौदा रिकामा होता, फिनेलने धुतलेला. पण प्रत्येक चढावर मला वाटत राहिलं की मागे कुणीतरी बसलेलं आहे. एक नाही, पुष्कळ. बोलत नाहीत, हलत नाहीत, नुसते बसलेले आहेत. आकारामलाही तसंच वाटत असावं. तो सारखा मागच्या लहान काचेतून हौद्याकडे बघत होता. त्या सगळ्या वाटेत तो एक शब्द बोलला नाही.

गावात त्याचं मोठं कौतुक झालं. देवळासमोर मांडव घातला, शाल-नारळ दिला, भाषणं झाली. मलाही हार घातला. भाषण चालू असतानाच आकाराम उठला आणि घरी निघून गेला. लोक म्हणाले, दमलाय. बायडाबाईने विचारलं, "काय झालंय? सांगा की मला." तो म्हणाला, "काय सांगू?" मग तिने पुन्हा विचारलं नाही. सगळ्यांनाच वाटलं, राहील चार दिवस गप्प, मग होईल पहिल्यासारखा. त्याने रोज मला नदीवर नेलं आणि हौदा घासला. मोर पुसट होईपर्यंत घासला. कुणी भाडं घेऊन आलं तर म्हणायचा, "ह्या गाडीत आता माल भरायचा न्हाय." लातूरचं नाव कुणी काढलं की ताट सारून उठायचा.

दिवाळी तोंडावर होती. एका दुपारी त्याने मला शेडमध्ये आणून उभं केलं. काचा वर केल्या. बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला. मग तो बाहेर गेला, बांधावरून एस.टी. स्टँडच्या वाटेला लागला, आणि पुन्हा आला नाही.

त्याला जाताना पाहणारा मी एकटा होतो, आणि मला तोंड नव्हतं.

आकारामचा थोरला भाऊ जोतीराम त्याला शोधत सांगली, मिरज, पंढरपूर असा फिरला. पोलिसांत सांगून झालं. किल्लारीकडे जावं असं कुणाच्याच मनात आलं नाही. ज्या जागेचं नाव त्याला ऐकवत नव्हतं, तिथे तो कशाला जाईल? वर्षं गेली. लोक बायडाबाईला म्हणू लागले, आता काय ते समजून घे. गाडी मोडीत तरी घाल, शेड तरी रिकामी होईल. तिने शेडला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. "त्ये आलं आन् गाडी न्हाय दिसली तर काय सांगू त्यास्नी?" एवढंच ती म्हणायची. कपाळावर कुंकू लावून ती शेतात जायची, म्हशींच्या धारा काढायची, लेकीला शिकवायची. लोकांच्या तोंडाला लागायला तिला वेळ नव्हता.

आणि भुताचं म्हणाल, तर ते असं झालं. एका दुपारी कुणीतरी पत्र्याच्या फटीतून आत डोकावलं आणि केबिनमध्ये एक काळी आकृती बसलेली पाहिली. तो माणूस पळत सुटला. मढी वाहिलेली गाडी, त्यात कुणीतरी बसतंय, ही गोष्ट पंचक्रोशीत गेली. खरं तर ती बायडाबाई होती. कामं उरकली की ती आत यायची, पदराने काच पुसायची आणि डाव्या बाजूच्या सीटवर बसायची. ड्रायव्हरच्या जागेवर ती कधी बसली नाही. आणि हौद्याकडे तिने कधी वळूनही पाहिलं नाही. भुताची गोष्ट तिच्या कानावर आली तेव्हा तिने ती खोडून काढली नाही. भुताच्या गाडीचं सामान कुणी चोरत नाही.

पण ती उठून गेल्यावरही, मित्रांनो, शेड रिकामी व्हायची नाही. उंदरांनी माझ्या वायरी खाल्ल्या. टायरमधली हवा गेली आणि मी गुडघे टेकल्यासारखा बसलो. माझ्या तेलाचं डांबर झालं. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस वाजायचा आणि मला वाटायचं, मी अजून त्या ओढ्याकाठी उभा आहे. मागे ते सगळे बसले आहेत. त्यांना उतरवून घ्यायला कुणी आलेलं नाही. बारा वर्षं माझे पाटे त्यांच्या वजनाने दबलेले होते. कारखान्यात शिकलेला कुणी म्हणेल, रिकाम्या गाडीचे पाटे दबत नाहीत. मी त्याच्याशी वाद घालणार नाही.

दोन हजार पाच साली जुलैच्या शेवटी पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही फुगल्या. पूर आमच्याकडे नवा नाही. पण त्या वर्षी पाणी वेगळंच होतं. ते धावत आलं नाही, चढत आलं. ऊस बुडाला, विहिरी दिसेनाशा झाल्या, आणि पाणी मळ्याच्या खालच्या बांधाला येऊन टेकलं. वस्तीवरची माणसं जनावरांची दावी सोडून त्यांना घेऊन माळावरच्या शाळेकडे निघाली.

बायडाबाईने शेडचं कुलूप काढलं, आत आली आणि माझ्या पुढच्या चाकाशी टेकून खाली बसली.

अनुजा आता एकवीस वर्षांची झाली होती. दूधसंस्थेत कामाला जायची. ती चिखलातून धावत आली. "आये, ऊठ. पाणी चढाय लागलंय."

"तू जा. मी न्हाय येत."

"अगं येडी का खुळी तू? बुडशील की!"

"गाडी हितं टाकून मी जात न्हाय. माझा मानूस आला तर तेला घर बी न्हाय, गाडी बी न्हाय, बायको बी न्हाय. मग तेनं करायचं काय?"

अनुजा तिच्यासमोर उकिडवी बसली. रडली असती तर बायडाबाईने ऐकलं नसतं. भांडली असती तरी ऐकलं नसतं. अनुजा म्हणाली, "मग गाडी बी न्हेऊया."

बायडाबाईने मान वर केली. "चालंल व्हय ती?"

"ते मला म्हाईत न्हाय. पर तुला उचलून न्हेन्यापरास गाडी वडून न्हेणं सोपं हाय."

ती गेली आणि गॅरेजवाल्या प्रसेनजीतला घेऊन आली. प्रसेनजीत तिच्याच शाळेतला, तिच्या दोन वर्ग पुढचा. त्याच्या वडिलांनीही माझं काम केलेलं होतं. तो दारात थांबला, चप्पल काढली आणि मग आत आला. भीतीने काढली की मानाने, ते त्यालाच ठाऊक. त्याने माझं बॉनेट उघडलं आणि आत तोंड घातलं. बऱ्याच वेळाने म्हणाला, "उंदरांनी वाडा बांधलाय की वो ह्यात."

"हुतंय का सांग," अनुजा म्हणाली.

"पाणी किती वेळ देतंय त्याच्यावर हाय सगळं."

पाणी बोटा-बोटाने चढत होतं. जोतीराम ट्रॅक्टर घेऊन आला आणि बाहेर उभा राहिला. तो आत यायला तयार नव्हता. ट्रॉलीत जुने पण हवा धरणारे टायर होते, ते लावता लावता दिवस गेला. माझं इंजिन घट्ट बसलं होतं. प्रसेनजीतने वरचे डिझेल फवारणारे नोझल काढून त्या भोकांतून डिझेल आणि तेल ओतलं आणि म्हणाला, "मुरू दे आता. जोर केला तर मोडंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी शेडपासून हाकेवर होतं. प्रसेनजीत आणि अनुजा दोघांनी इंजिनाच्या पुढच्या टोकाला अडकवलेल्या पहारीला लोंबकळून ते फिरवायचा प्रयत्न केला. काही झालं नाही. पुन्हा लोंबकळले. माझ्या आत गंजलेलं काहीतरी किंचाळलं. मित्रांनो, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, मला फिरायचं नव्हतं. फिरलो की जागा होईन, जागा झालो की मागे बसलेले हलतील, अशी मला भीती होती. बंद राहणं सोपं असतं. बंद राहिलं की ते वजन निदान स्थिर असतं.

बायडाबाई पहारीजवळ आली. त्या दोघांच्या हातांवर तिने आपले हात ठेवले. धारा काढून काढून घट्ट झालेले हात. "चल गं बाई," ती म्हणाली.

मी हललो. अगदी थोडा. आत 'कट्' असं वाजलं आणि मग मी अडत, थांबत, पण फिरत गेलो.

माझ्या टाकीत सगळा चिखल होता, म्हणून प्रसेनजीतने डिझेलचा कॅन खिडकीला टांगला आणि नळी जोडली. अनुजा हातपंप मारत राहिली. आधी नुसता फेस आला, मग फसफस, मग स्वच्छ धार. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून त्याने मला तारा जोडल्या. आणि त्याच क्षणी माझा हॉर्न वाजायला लागला.

कुणी दाबला नव्हता. उंदरांनी वायरी उघड्या केल्या होत्या, त्या एकमेकींना चिकटल्या. एवढंच कारण. पण तो आवाज थांबेना. पत्र्याच्या शेडमध्ये तो इतका मोठा झाला की बाहेर जोतीराम 'आयो' म्हणून मागे सरला. पुराच्या पाण्यावरून तो आवाज पलीकडच्या काठाला गेला आणि परत आला. बायडाबाई भिंतीला धरून सरळ उभी राहिली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"आलं व्हय?" ती हळूच म्हणाली. दाराकडे बघत.

दारात पाणी होतं. प्रसेनजीतने वायर उपटली आणि हॉर्न बंद झाला. मग अनुजाने आईचा हात धरला आणि म्हणाली, "न्हाय गं आये. कोन न्हाय आलं."

बारा वर्षांत हे वाक्य तिच्यापाशी कुणी इतक्या जवळून बोललं नव्हतं.

नुसत्या बॅटरीवर मी सुरू होईना. शेवटी ट्रॅक्टरला साखळी बांधून मला ओढायचं ठरलं. पाणी माझ्या चाकांना लागलं होतं. प्रसेनजीत माझ्या सीटवर बसला, जोतीरामने ट्रॅक्टर काढला, साखळी ताणली गेली. मी शेडच्या बाहेर आलो तेव्हा उजेडाने माझे डोळे फुटतील असं वाटलं. चाकं चिखलात रुतत, घसरत होती. प्रसेनजीतने गिअर टाकून क्लच सोडला. एक झटका. दुसरा झटका. धुराच्या नळीतून काळाकुट्ट लोट निघाला, एखाद्या म्हाताऱ्याने खोकावं तसा मी खोकलो, आणि मग धडधडायला लागलो.

अनुजा नुसतीच ओरडली. त्यात शब्द नव्हता.

पण अजून एक गोष्ट राहिली होती. वस्तीच्या दुसऱ्या टोकाला काही माणसं अडकली होती. म्हातारी माणसं, दोन बाळंतिणी, कुणाची शेरडं. जोतीरामची ट्रॉली आदल्या रात्रीच्या फेरीत चिखलात पलटली होती. माझी चाकं उंच होती, मी तेवढ्या पाण्यातून जाऊ शकत होतो. प्रसेनजीतने मला त्यांच्यासमोर नेऊन उभं केलं आणि फाळका पाडला. कुणी चढेना.

धोंडुबाई नावाची म्हातारी म्हणाली, "पोरा, मी पाण्यानं मरंन. पर त्या हौद्यात न्हाय बसायची. तितं मढी हुती."

ते खरंच होतं. पाणी तिच्या पोटरीला लागत होतं.

तेव्हा बायडाबाई केबिनमधून उतरली. मागे आली. माझ्या हौद्याला बारा वर्षांत तिने हात लावला नव्हता. तिने लुगडं खोचलं, चाकावर पाय दिला आणि वर चढली. मधोमध जाऊन फळ्यांवर मांडी घालून बसली. हाताने फळी चाचपली, जशी आपण कुणाची पाठ चाचपतो.

"तीबी मानसंच हुती," ती म्हणाली. "कुनाची तरी लेकरंच हुती. माझ्या मालकानं हळू न्हेली त्यास्नी. या आता. बसा माझ्या शेजारी."

आधी एक बाळंतीण चढली. तिच्या मागून धोंडुबाई, देवाचं नाव घेत. मग सगळेच. बाळ रडत होतं, शेरडं ओरडत होती, कुणी कुणाला सरक म्हणून दटावत होतं, कुणाच्या डब्यातली चटणी सांडली म्हणून भांडण लागलं. मला ते सगळं वजन जाणवलं, एकेकाचं. आणि त्यांच्या गर्दीत, मित्रांनो, ते जुने गप्प बसलेले कुठे गेले ते मला कळलं नाही. उतरले असतील. किंवा सरकून त्यांनी यांना जागा दिली असेल.

त्या दिवशी मी चार खेपा केल्या. मग माळावरच्या शाळेसमोर माझं इंजिन तापून बंद पडलं. प्रसेनजीतने माझ्या नाकावर थाप मारली आणि माझ्याच सावलीत झोपून गेला.

पाणी उतरायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत सगळीकडून मदत यायची. एकदा लातूरकडचे नंबर असलेले ट्रक आले, ज्वारी आणि डाळी घेऊन. त्यातला व्यंकट नावाचा एक मध्यम वयाचा माणूस छावणीत जो भेटेल त्याला विचारत होता, "भूकंपाच्या टायमाला लांब नाकाची गाडी घेऊन एक डायवर मामा आल्ते आमच्याकडं. कोल्हापूरकडचे व्हते. कुणाला ठावं हाय का?" आधीच्या दोन छावण्यांत तो असाच विचारून आला होता. इथे कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं.

तो माझ्याजवळ आला. त्याने मोर बघितले, पुसट झालेले. हौद्याच्या फळीवर हात ठेवला आणि डोकं टेकवलं. "ह्या गाडीत माझी माय गेली," तो म्हणाला. "माय आन् धाकटा भाऊ."

बायडाबाई चुलीपासून उठून आली. "त्या डायवरची बायको मी," ती म्हणाली. "तुमास्नी दिसलं व्हय वो माझं मानूस?"

व्यंकटने फळीवरचा हात काढला. मग खाली बसला आणि तिलाही बसायला सांगितलं.

आकाराम परत त्यांच्याकडेच गेला होता. दिवाळीच्या सुमाराला, एकटा, अंगावरच्या कपड्यांनिशी. त्याने पत्र्याचे निवारे उभे केले, विहिरीतली माती उपसली. पोरांना सांभाळलं. गाव विचारलं की उठून जायचा, नाव विचारलं की हसायचा, म्हणून सगळे त्याला डायवर मामाच म्हणत. पुढच्या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. औषधपाणी केलं, दवाखान्यात नेलं. उपयोग झाला नाही.

"अग्नी मीच दिला, मावशी," व्यंकट म्हणाला. "त्यांनी माझ्या मायला उचललं व्हतं. कुठं कळवावं ते ठावं नव्हतं. लई चुटपुट लागून राहिली व्हती."

बायडाबाईने चुलीची राख लागलेले हात पदराला पुसले. मग तिने विचारलं, "जेवत हुतं का नीट?"

"आधी न्हाई. मग लेकरांत बसून जेवायचे."

"बोलत हुतं?"

"लेकरांसंगं लई बोलायचे."

तिने मान हलवली. अनुजा माझ्या चाकाला टेकून उभी होती. तिने विचारलं, "घरी का न्हाय आलं? इचारलं न्हाय कुनी?"

व्यंकटने खाली बघितलं. "मी इचारलं व्हतं एकदा. म्हणलं, मामा, तुमाला घर न्हाई का? म्हणले, हाय. लेक हाय, एवढीशी. पर ज्या हातानं हितली लेकरं उचलली, त्या हातानं तिला कसं उचलू?"

अनुजाने तोंड फिरवलं. तिचं कपाळ माझ्या पत्र्याला लागलं, आणि तिचं सगळं रडणं माझ्या अंगातून गेलं. मला हात नव्हते. तेव्हा पहिल्यांदा मला हात हवे होते.

थंडीत, माझी नीट दुरुस्ती झाल्यावर, प्रसेनजीत मायलेकींना घेऊन त्या गावाला गेला. मीच नेलं त्यांना. ते नवीन गाव सरळ रस्त्यांचं, बुटक्या घरांचं. तिथली पोरं मला बघून पळाली नाहीत. मी थांबायच्या आत टपावर चढली. ओढ्याकाठी जिथे आकारामला अग्नी दिला, तिथे आता काहीच नव्हतं, थोडं गवत आणि एक बाभळ. बायडाबाईने फूल वाहिलं नाही की हात जोडले नाहीत. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि भांडायला लागली.

"एक सबुद सांगायला काय झालंतं? मी काय परकी हुते? लेक ताप आला की तुमचं नाव घ्यायची. म्हस मेली तवा मी एकटी खड्डा खणत हुते! कळतंय का काय तुमास्नी?" तिने बारा वर्षांचं सगळं सांगितलं, सालागणिक, मोठ्या आवाजात, आमच्याकडे बोलतात तसं. गावातल्या बायका काठावर येऊन बसल्या आणि मध्ये न बोलता ऐकत राहिल्या. घसा बसेपर्यंत ती बोलली. मग एका बाईने तिला तांब्याभर पाणी दिलं. ते तिने उभ्यानेच पिऊन टाकलं आणि त्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

आता मी विटा वाहतो, ऊस वाहतो, कुणाच्या लग्नाचं वऱ्हाडही नेतो. अनुजा मला चालवायला शिकली आहे. ती गिअर जरा जोरात टाकते, पण मी सोसतो.

मित्रांनो, जुन्या गाडीची काळजी घ्या, तिला बंद करून ठेवू नका, हे तर मी सांगेनच. गाड्या बोलतात तेव्हा हेच सांगतात. पण मला दुसरंही मागायचं आहे. कुणी फार वाईट जागेवरून परत आलं आणि गप्प झालं, तर त्याला शाल-नारळ देऊन मोकळे होऊ नका. 'काय झालं' असं विचारा. तो 'काय सांगू' म्हणाला, तर उठून जाऊ नका. पुन्हा विचारा, आणि त्याच्याजवळ बसून राहा. आमच्या आकारामपाशी त्या दुपारी कुणी बसलेलं नव्हतं. मी होतो, पण मला विचारता येत नव्हतं. तुम्हाला येतं.